साळूबाईंची पोथी आणि प्रतिसाद न देणारी खिडकी

साळूबाईंना आसनावरून उठवायचं, हे श्रावण लागायच्या आधीच ठरलं होतं. फक्त साळूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव भरे आणि घोटावडे यांच्या मधल्या एका वळणावर आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे ग्रामपंचायतीचा उल्लेख येणार आहे. नागपंचमीनंतरच्या सोमवारी इथल्या भैरोबाच्या देवळात बायकांची पोथी बसते आणि श्रावण संपेपर्यंत रोज दुपारी चालते. वाचणाऱ्या साळूबाई, ऐकणाऱ्या बाकी सगळ्या. मी सून म्हणून या गावात आले तेव्हाही साळूबाईच त्या पाटावर होत्या. पण अलीकडे त्यांची नजर उतरली. ऑपरेशन झालं, थेंब झाले, हातात धरायचं भिंग झालं. गेल्या श्रावणात त्यांनी एक अध्याय लागोपाठ दोनदा वाचला. आम्ही दोनदा ऐकला. दुसऱ्यांदाही काहीजणींना तो नवीन वाटला, हा भाग वेगळा.

यंदा तुळजाबाईंनी देवळात विषय काढला. तुळजाबाई म्हणजे साळूबाईंच्या चुलत पुतण्याची बायको, बचत गटाच्या अध्यक्षा आणि गावातल्या बहुतेक निर्णयांचं मूळ.

"आत्याबाईंनी लई वरसं वाचलं," त्या म्हणाल्या. "आता त्येंनी निवांत बसून ऐकावं. आमची सायली डी. एड. हाय."

त्यांची सून सायली जमिनीकडे बघत होती.

"निवांत पडायला मला सरनावर जागा हाय," साळूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुळजे, मी शाळंत गेली न्हाई. मला वाचाय शिकवलं त्ये ह्या पोथीवर, माज्या सासऱ्यानं. हिच्याबिगर दुसरं कायबी मला वाचता येत न्हाई. एसटीची पाटी बी न्हाई. ही काडून घेतली तर मी अडानी मरनार बग."

मी स्वभावाने हळू बोलणारी. मी काही म्हटलं तर सहसा ते कुणाला ऐकू जात नाही, आणि त्यामुळे माझं आयुष्य सुखात गेलं आहे. त्या दिवशी दुर्दैवाने सगळे गप्प होते.

"अक्षरं मोठी करता येतील," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हायस्कुलात संगणक शिकवून निवृत्त झालेली. शाळेत संगणक शिकवणे म्हणजे मुलांना चित्रात रंग भरायला लावणे आणि घंटा झाल्यावर बटणं बंद करणे. पण गावाच्या मते जिला संगणक बंद करता येतो तिला त्यात काहीही करता येतं. पुढचं मला कुणी विचारलं नाही. बाई करणार, असं ठरलं.

इथे माझ्या नेमांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. पुढे जे घडलं त्याचा त्यांच्याशी संबंध आहे. सकाळी जप पूर्ण होईपर्यंत मी आसन सोडत नाही आणि तोंडही उघडत नाही. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं खात नाही. आणि यंदाच्या आषाढी एकादशीला मी नवा नेम धरला होता की चातुर्मासभर कुणालाही कठोर शब्द बोलायचा नाही. वांग्याचा नेम सोपा आहे, असं आता वाटतं.

मोठ्या अक्षरांना मोठा पडदा हवा. ग्रामपंचायतीत एक भलामोठा टीव्ही थर्मोकोलसकट भिंतीला टेकून उभा होता. मी ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे गेले.

"देता आला असता," भाऊसाहेब म्हणाले, "पण टीव्ही अजून आलेला नाही."

"तुमच्या मागे आहे," मी म्हणाले.

"मागे आहे, पण नोंदीला नाही. नोंद झाल्याशिवाय आला असं धरता येत नाही, बाई. आणि एकदा नोंद झाली की तो शासकीय मालमत्ता होतो. मग तर देताच येत नाही."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाऊसाहेबांचा फोन चालू असताना कार्यालयात दुसरं काही चालत नाही. दाखल्यासाठी आलेले लोक आपापल्या कागदावर बोट ठेवून उभे राहिले. मी बाकावर बसून नामस्मरण केलं. फोन संपला तेव्हा त्यांनी माझ्याकडे नव्याने पाहिलं आणि मी कशासाठी आले ते विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी बराच विचार केला.

"जो आलाच नाही," ते म्हणाले, "तो गेला तर माझी हरकत असायचं कारण नाही."

अशा रीतीने टीव्ही देवळात आला. शासनदरबारी तो अजूनही कुठेच नाही.

आता प्रोग्रॅम. पोथी मी टाइप केली, तळहाताएवढी अक्षरं केली. पुढची ओवी आणायला बटण ठेवणार होते. पण ते दाबणार कोण? तुळजाबाईंनी सायलीचं नाव सुचवलं. साळूबाई म्हणाल्या, "आज ती बटन दाबल, उद्या मला दाबल." म्हणून ओव्या आपोआप पुढे सरकायला हव्या होत्या. एक ओवी दाखवायची, साळूबाईंचा श्वास होईपर्यंत थांबायचं, मग पुढची. पायथन नावाच्या भाषेत थांबायचं असेल तर 'झोप' अशी आज्ञा द्यावी लागते. मी प्रत्येक ओवीनंतर त्याला थोडी झोप दिली. आपण म्हातारं माणूस गाडीने नेताना जसं मधूनमधून उतरवतो, तसं.

पहिली चाचणी आमच्या ओसरीवर झाली. साळूबाईंना खुर्चीत बसवलं आणि मी 'सुरू' दाबलं.

पडद्यावरची प्रोग्रॅमची खिडकी पांढुरकी पडली. वर इंग्रजीत अक्षरं उमटली की हा प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही.

"परत दाब," आमचे हे म्हणाले. हे पिरंगुटच्या एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेत आणि कुठलंही यंत्र पुन्हा दाबल्यावर चालतं अशी त्यांची श्रद्धा आहे. मी दाबायच्या आत त्यांनीच दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग नुसतेच दाबत राहिले.

दूध घालायला आलेले कोंडिबा थांबले. "तापलं आसंल," ते म्हणाले. "आमची हिरीवरची मोटार बी आशीच धरती. वल्लं फडकं टाका की वरनं."

तुळजाबाई सहज आल्या होत्या. आमच्याकडे काही होणार असलं की त्या सहज येतात. "नजर लागली बाई," त्या म्हणाल्या. "मीठमव्हऱ्या उतरा. न्हाईतर सायलीला बोलावू का?"

हे सगळे सल्ले संपेपर्यंत खिडकी तशीच होती. मग अचानक रंग आला आणि पडद्यावर भल्या मोठ्या अक्षरांत उमटलं, 'अध्याय समाप्त'.

साळूबाईंनी डोळे बारीक केले. "हितं नुसता शेवटच दिसतुया. मदलं कुटं गेलं?"

"त्याने मनातल्या मनात वाचलं," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.

"मनात वाचनाऱ्याला आसनावर कशापायी बसवायचा?" साळूबाई म्हणाल्या.

मी उत्तर देणार तोच खिडकी पुन्हा पांढरी पडली. ह्यांनी मघाशी जितक्या वेळा दाबलं होतं त्यातलं एकही दाबणं वाया गेलं नव्हतं. ती सगळी रांगेत उभी होती. अध्याय सुरू झाला, मनात वाचून झाला, समाप्त झाला, पुन्हा सुरू झाला. संध्याकाळची दिवेलागण झाली तरी आमच्या ओसरीवर अध्याय समाप्त होतच होता. माझ्या तोंडाशी एक शब्द आला होता. त्याऐवजी मी संगणकाला म्हणाले, "असं करू नये."

आमच्या वरच्या खोलीत स्वरदा नावाची मुलगी भाड्याने राहते. हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकाच्या खिडक्या बनवण्याचंच तिचं काम आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. टाकीत पाणी नाही हे सांगायला ती सकाळी खाली आली. मी जपाला बसले होते. तिच्या आधीपासून दारात गॅसवाला सिलिंडर घेऊन उभा होता. हे हातात रिकामा चहाचा डबा धरून उभे होते. मी बोलत नाही आणि उठत नाही, हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी काही बोलत नव्हतं. माळ पूर्ण झाली. मी डोळे उघडले आणि आले त्या क्रमाने एकेकाचं निस्तरलं.

स्वरदा ओसरीवरच्या संगणकाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. "काकू," ती म्हणाली, "तुमचा प्रोग्रॅम अगदी तुमच्या वळणावर गेलाय."

मी हे कौतुक समजले. ते तसं नव्हतं.

"खिडकीत एकच बाई असते असं समजा," ती म्हणाली. "ती सारखी फेरी मारत असते. कुणी बटण दाबलं का? माउस हलवला का? खिडकी पुन्हा रंगवायचीय का? पुन्हा पहिल्यापासून. ह्या फेरीला इव्हेंट लूप म्हणतात. तुम्ही त्याच बाईला सांगितलंत की सगळी पोथी वाच आणि वाचता वाचता झोपत जा. ती बिचारी झोपली. मग दार कोण उघडणार? आणि ओवी रंगवणार कोण? सगळं उरकल्यावर ती फेरीला आली आणि शेवटचं जे होतं ते तिने रंगवलं."

"मग काय करायचं?"

"वाचायला दुसरं कुणीतरी बसवा. वेगळा थ्रेड. पहिलीला फेरीसाठी मोकळी ठेवा."

मला शंका आली. "पण दुसऱ्याने केलं तर पुण्य कुणाचं?"

स्वरदाला कंपनीत हा प्रश्न कुणी विचारला नसावा. मलाच उत्तर सुचलं. अनुष्ठानाला गुरुजी बसवतात. ते जप करतात, यजमान उठून आल्यागेल्याचं बघतो, आणि शेवटी गुरुजी यजमानाच्या हातावर पाणी सोडतात की फळ यजमानाला मिळतं.

"शास्त्रात सोय आहे," मी म्हणाले.

"हो," स्वरदा म्हणाली, "म्हणजे पायथनच्या शास्त्रात, डॉक्युमेंटेशनमध्येही आहे." आणि ती बसला उशीर होतो म्हणून पळाली. तिने आणखी पाच मिनिटं थांबायला हवं होतं.

मी गुरुजी बसवला. ओव्या सरकू लागल्या. मला इतका आनंद झाला की एकाच गुरुजीवर थांबणं बरं दिसेना. कोपऱ्यात समईची ज्योत हलावी म्हणून दुसरा बसवला. वरती तिथी आणि नक्षत्र दिसावं म्हणून तिसरा. मागे तंबोऱ्याचा सूर लावायला चौथा. सगळ्यांना खिडकीत जायची मोकळीक दिली. धर्मकार्यात कुणाला अडवू नये.

हे सगळं मी नेमकं नागपंचमीला लिहीत होते. त्या दिवशी आमच्याकडे चिरत नाहीत, कापत नाहीत, तोडत नाहीत, तवाही ठेवत नाहीत. नवा मजकूर घातल्यावर जुना, तो झोपणारा, काढून टाकायला हवा होता. मी बराच वेळ बोट त्या बटणावर धरून बसले. तोडणे ते तोडणेच, असं मनाने घेतलं. जुना मजकूर खाली तसाच राहू दिला आणि उद्या सकाळी पुसू म्हटलं. उद्या सकाळी जप होता, पूजा होती, आणि तुळजाबाईंनी देवळातली चाचणी जपाच्या पाठोपाठच ठेवली होती. सर्वांना बघता यावं म्हणून त्यांनी बचत गटालाही बोलावलं होतं.

देवळात काय झालं ते थोडक्यात सांगते. लांबवून सांगायला मला आवडत नाही. आधी एक ओवी आली. तिच्यावरच दुसऱ्या अध्यायातली ओवी आली. समईची ज्योत कोपरा सोडून 'भैरवनाथ' या शब्दाच्या मधोमध पेटली. तिथी ओवीत शिरली आणि राजाच्या तोंडी 'शुद्ध षष्ठी' असं वाक्य आलं. साळूबाईंनी ते श्रद्धेने वाचलं. पुढे अर्धी अक्षरं वरची, अर्धी खालची, तंबोरा एकाच जागी अडकलेला. आणि मग सगळी खिडकीच आपण होऊन मिटली. मागे माझ्या संगणकावर कायम असतो तो ह्यांचा फोटो राहिला, महाबळेश्वरला कणीस खातानाचा, गाभाऱ्याच्या शेजारी, पुरुषभर उंच. पाठीमागच्या दोघीतिघींनी सवयीने हात जोडले.

"दर्सन झालं," तुळजाबाई म्हणाल्या. "बाईंचं जयसिंगराव परसन्न दिसत्यात."

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हे मागे खांबाला टेकून उभे होते, ते हळूच बाहेर गेले. मी केबल गुंडाळत राहिले. पुष्कळ लांब होती, बरं झालं.

साळूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मांडीवरची पोथी बंद केली आणि तिचं तांबडं फडकं हाताने चाचपत गुंडाळायला घेतलं. गाठ काही केल्या नीट बसेना. सायली पुढे झाली, तिने गाठ मारून दिली.

"सोमवारपातुर बगती," साळूबाई म्हणाल्या. "न्हाई झालं तर ही तुज्या वटीत घालती, पोरी. भांडान न्हाई."

सायलीने डोळे पुसले आणि पोथी परत त्यांच्याच मांडीवर ठेवली.

त्या संध्याकाळी स्वरदा आली. तिने माझा मजकूर वरून खाली वाचला आणि बराच वेळ कपाळावर हात ठेवून बसली.

"काकू, जुनं का ठेवलंत?"

"नागपंचमी होती."

तिने हे मान्य केलं. मग म्हणाली, "आणि हे बाकीचे सगळे थेट खिडकीत का लिहितायत? खिडकीला फक्त मुख्य थ्रेडने हात लावायचा असतो. बाकी कुणीही नाही."

"का?"

"का म्हणजे... दोघांनी एकदम हात लावला तर खिडकी कुठल्या अवस्थेत आहे तेच तिला कळत नाही. ती तशी बनवलेलीच नसते." ती शब्द शोधू लागली.

"म्हणजे ती सोवळ्यात असते," मी म्हणाले.

"काय?"

मी समजावून सांगितलं. नैवेद्याच्या दिवशी देवघरात एकच सोवळ्यातली बाई असते. देवाला, ताटाला, समईला तिचाच हात. बाकीच्यांनी फुलं आणावीत, नारळ सोलावा, दूध आटवावं, पण आणलेलं उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागे सरायचं. आतली बाई आपल्या सवडीने एकेक उचलते. कुणी उंबरा ओलांडून आत हात घातला तर पुन्हा स्नानापासून सुरुवात.

स्वरदा खुर्चीतून उठलीच. "उंबरा म्हणजे क्यू, आमची रांग! अगदी हेच. काकू, आमच्या टीमला हे समजावताना मला अख्खा आठवडा गेला होता."

"हे त्या दिवशीच सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," मी म्हणाले. चातुर्मासात याहून कठोर मी काही बोललेली नाही.

आम्ही दोघींनी बसून सगळं नीट केलं. समई, तिथी आणि तंबोरा यांच्या गुरुजींना निरोप दिला. खरी समई देवळात होतीच. एकच राहिला. त्याने ओवी आणायची, उंबऱ्यावर ठेवायची. खिडकीतली बाई फेरी मारता मारता उंबऱ्याकडे बघेल आणि स्वतःच्या हाताने रंगवेल. एवढ्याशा कामाला गुरुजीही लागत नव्हता, खिडकीतल्या बाईला वेळ झाली की आठवण करून देणारा गजर पुरला असता. हे स्वरदाने सगळं झाल्यावर सांगितलं.

साळूबाईंना मध्ये खोकला येतो, म्हणून 'थांब' असं एक बटणही ठेवलं. सोमवारी सकाळी मी बिनतारी माउस त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो कोंबडीचं पिल्लू धरावं तसा धरला.

"ह्ये दाबलं की थांबतंय?"

"हो."

"वाचता वाचता?"

"हो."

"लगीच?"

"लगेच. पुन्हा दाबलं की जिथे होतं तिथूनच पुढे."

त्या विचारात पडल्या. "आमच्या घरात कुनी थांबत न्हाई," त्या म्हणाल्या.

सोमवारी देऊळ भरलं. तुळजाबाई ओटीचं सामान घेऊन पुढे बसल्या होत्या. खण, नारळ, सगळं तयार. मी 'सुरू' दाबलं. पहिली ओवी आली, जागेवर, एकटी, काळीभोर. साळूबाईंनी मान वर केली. ओठ हलले, पण आवाज येईना. मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी बिघडलं. पण त्या नुसत्या बघत होत्या.

"दिसतंया," त्या म्हणाल्या. "काना बी दिसतोय, मातरा बी." आणि वाचू लागल्या.

त्या दिवशी खोकला आला तेव्हा त्यांनी थांबवलं, पाणी प्यायल्या, पुढे गेल्या. तुळजाबाईंनी खण-नारळ पिशवीत परत ठेवले. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. इथे ही हकिकत संपली असती तर फार बरं झालं असतं.

मंगळवारी एक गोष्ट साळूबाईंच्या ध्यानात आली. कागदाच्या पोथीत त्यांचं बोट सतत ओळीवर असायचं. मान वर केली की ओळ हरवायची, म्हणून इतकी वर्षं त्यांनी श्रोत्यांकडे कधी पाहिलंच नव्हतं. आता ओळ सांभाळायला दुसरं कुणी होतं. त्यांनी 'थांब' दाबलं, मान वर केली, आणि सगळ्या गावाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. चेहरे दिसत नसतील, पण त्यांना त्याची गरज नव्हती.

"ह्या राणीनं दारातल्या गोसाव्याला शिळं वाढलं," त्या म्हणाल्या. "आपल्या गावात बी एक हाय. नाव घेत न्हाई. गेल्या वर्सीच्या भंडाऱ्यात तिच्या वाटनीचं वरान आंबलं व्हतं." मग बटण दाबलं आणि पुढची ओवी वाचली. मग पुन्हा 'थांब'.

दुसऱ्या दिवशी देवळात बसायला जागा नव्हती; बाहेरच्यांसाठी देवळावर कर्णा लावावा लागला. भक्ती वाढली असं मला आधी वाटलं. नंतर कळलं, जी येत नाही तिच्यावर ओवी लागते. ज्या कधी पोथीला फिरकल्या नव्हत्या त्याही पुढची जागा धरून बसू लागल्या. ओव्या कमी आणि थांबणं जास्त होऊ लागलं. दुधाची वेळ टळायला लागली. कोंडिबा बाहेर चावडीवर बसून घरच्यांची वाट बघत. श्रावण उताराला लागला तरी पोथी अर्ध्यावरही आली नव्हती, आणि समाप्ती झाल्याशिवाय महाप्रसाद नाही.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी, देवळात पोथी चालू असतानाच, तुळजाबाई आमच्याकडे आल्या. यंदा प्रथमच सहज आल्या नव्हत्या. दारात चपला काढून त्या ओसरीवर टेकल्या आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात बोलल्या.

"बाई, त्ये थांबायचं बटन."

"बिघडलंय का?"

"बिगडाय कशाला? लई ब्येस हाय. पर त्ये पोथीला थांबवतंय. साळूबाईला थांबवायचं कुटं हाय?"

मी खरं तेच सांगितलं की तसं बटण मी केलेलं नाही. स्वरदा जिन्यात उभी राहून ऐकत होती. "मावशी," ती म्हणाली, "खिडकीसमोर बसलेल्याला थांबवता येत नाही हो. आमच्या कंपनीतही नाही जमलं अजून."

तुळजाबाई काही बोलणार, एवढ्यात देवळावरचा कर्णा खरखरला. पोथी थांबली होती. साळूबाईंचा आवाज आला, अगदी शांत, घाई नसलेल्या माणसाचा.

"ह्या ओवीवरनं मला तुळजीच्या लग्नातली गोष्ट आठवली. तुळजे? कुटं हाय गं तू? आज आली न्हाई व्हय? बसा, बसा, येऊ द्या तिला. मी थांबवून ठेवलंया."

तुळजाबाई उठल्या. पदर डोक्यावरून घेऊन पावसातच झपाझप देवळाकडे निघाल्या. चपला आमच्या दारातच राहिल्या.